गंज पेठेतील फुले वाडा

वाडा म्हटला की दिंडी दरवाजा आणि चौक डोळ्यांपुढे येतात. पण पुण्याच्या गंज पेठेतील, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतील, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे घर तसे नाही. ते बसके, कौलारू आणि लाकडी खांबांचे आहे. मी तेथे अनेकदा गेलो आहे आणि दर वेळी वाटते, की या घराचा इतिहास त्याच्या बांधणीत नसून ते कोणाकोणासाठी उघडे राहिले यात आहे.

१८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर राहील, अशा आशयाच्या जाहिराती शहरात भिंतींवर लावल्या. १८८४ पर्यंत पस्तीस स्त्रिया आश्रयाला आल्याची नोंद खुद्द जोतीरावांनी केली आहे. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. १८६८ मध्ये घरातील पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. पाण्यावरही पहारा असलेल्या त्या काळात याची किंमत काय मोजावी लागली असेल, याचा विचार हौदाची गोष्ट सांगताना व्हायला हवा.

१८८८ मध्ये अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. आपला देह घरामागेच मिठात पुरावा, ही त्यांची इच्छा होती, पण नगरपालिकेने परवानगी नाकारल्याने दहन करावे लागले. दत्तकाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवे (अंत्यविधीचे मडके) धरून स्वतः सावित्रीबाई चालल्या. अस्थी याच आवारात ठेवल्या. मागच्या अंगणातील त्या समाधीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबतो.

१८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या आणि पुढे हे घर कुटुंबाच्या हातून सुटले. १९७२ मध्ये ते राज्य संरक्षित स्मारक झाले. भिंतींवरील चित्रांतून जीवनपट कळतो. पण त्या बाळंतिणींसाठी एखादी वेगळी, ठळक जागा तेथे असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.