माकुडी गॅलरीत, खर्चुडी गडावर

मागच्या सप्टेंबरात हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, धुकं एवढं की पुढच्याची सॅक दिसेना, आणि अचानक पायाजवळ गवतात खर्चुडी. म्हणजे कंदीलपुष्प, त्यातली सेरोपेजिया लॉवी. बऱ्याचशा खर्चुड्या वेल असतात, शेजारच्या झुडपाला विळखा घालून चढतात, ही मात्र ताठ उभी. मी पोटावर आडवा पडून फोटो काढत बसलो आणि ग्रुप शिव्या घालत पुढे निघून गेला.

घरी येऊन बघतो तर गॅलरीतल्या शिंदळ माकुडीलाही फूल! मित्राच्या कुंडीतली बोटभर कांडी आणून खोचलेली, बास. चांदणीसारखं मरून फूल, त्यावर पिवळे डाग, आणि वास असा की आईने विचारलं, उंदीर मेलाय का रे कुठे?

दोघी रुईच्या कुळातल्या, परागीभवनाला दोघींना माश्याच लागतात, पण तऱ्हा वेगळी. माकुडी सरळ सडका वास सोडून बोलावते. खर्चुडीचा कारभार जास्त बेरकी आहे, छोटी माशी कंदिलात शिरते, आत नळीत खाली वळलेले केस, त्यामुळे आत जाता येतं पण बाहेर येता येत नाही. मग ती आत अडकून फिरत राहते, परागांच्या पुड्या अंगाला चिकटतात, पुढे केस कोमेजले की सुटका, आणि ही बावळट परत दुसऱ्या कंदिलात!

माकुडी 1860च्या दशकात डॅल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ साहेबाने जगापुढे आणली, नाव दिलं मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअरचं, फ्रेरिया इंडिका. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणचे कडे हेच तिचं घर. उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या मांसल खोडावर तग धरते. कांडीपासून सहज येते म्हणून आज परदेशातसुद्धा लोकांच्या कुंड्यांत आहे, आणि मग लोक म्हणतात, वाचली की मग! अहो, कांडीचं झाड म्हणजे आईची झेरॉक्स, माझ्या गॅलरीत दहा कुंड्या झाल्या तरी ते एकच झाड. कड्यावर बी पडून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं.

तरी मला जास्त काळजी खर्चुडीची वाटते. पाऊस संपला की वरचं सगळं वाळून जातं, खाली फक्त कंद. तो रानडुकरं उकरतात, माणसंही खातात, आणि बाकीचे महिने तिथे काही आहे हे कोणाला कळतच नाही, त्यामुळे बरोब्बर त्याच्यावर तंबू ठोकतात, शेकोटी पेटवतात. डिसेंबरात मीसुद्धा त्याच पठारावर तंबू लावलाय दोनदा, तेव्हा काय माहीत.

माकुडीची कांडी हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, देतो. खर्चुडी गडावर नेमकी कुठे दिसली ते मात्र विचारू नका, फोटोतलं लोकेशनपण काढून टाकलंय.