टाडोडाहोच्या केसांतला गुंता

कंगव्याला तसा कोणी भाव देत नाही. दात पडले तरी चालवून घेतो, हरवला तर दुसरा आणतो. लोककथेतले हीरो पण तलवार, धनुष्यबाण असलंच काहीतरी घेऊन फिरतात. पण हायावाथा नावाच्या हीरोचं सगळ्यात मोठं काम कंगव्याने झालंय आणि मला तो त्यासाठीच आवडतो.

गोष्ट आताच्या न्यूयॉर्क राज्यातली, गोरे लोक तिकडे पोचायच्या आधीची. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका अशा पाच जमाती, भाषा एकमेकींना जवळच्या, पण वैर असं की एक मुडदा पडला की त्याचा बदला, मग बदल्याचा बदला, हिशोब काही मिटत नाही. अशात एक शांतिदूत येतो (त्याचं नाव उगाच घेऊ नये असं तिकडचे लोक मानतात, म्हणून मी पण घेत नाही). तो म्हणे पांढऱ्या दगडाच्या होडीतून आला, आणि काही जण सांगतात की बोलताना अडखळायचा, म्हणून बोलायचं काम हायावाथाकडे.

मोहॉक म्हणाले, तुमचं सगळं बरोबर आहे हो, पण विश्वास कशावरून ठेवायचा? मग टेस्ट. कोहोज धबधब्याच्या कड्यावरच्या झाडावर शांतिदूताने चढायचं आणि यांनी ते झाड तोडायचं! तोडलंच त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर लांब कुठेतरी धूर, आणि हा शेकोटीपाशी निवांत बसलाय. मग पटलं. चांगलं सांगायला आलेल्या माणसाचा आधी कडेलोट करून बघायचा, ही माणसं मला फारच ओळखीची वाटतात.

पण खरी गंमत ओनोंडागांच्या टाडोडाहो नावाच्या सरदाराची. अंग सात ठिकाणी वाकडं, केसांत साप, आणि मंतरतंतर असा की सगळे टरकून असायचे. हायावाथाच्या मुली गेल्या त्या पण याच्यामुळेच, असं बरेच जण सांगतात. त्या दुःखात हायावाथा घर सोडून रानात भटकत राहिला, शिंपल्यांच्या माळा ओवत बसायचा आणि स्वतःशीच म्हणायचा की माझ्यासारखं दुःख कोणावर आलं तर मी या माळा हातात धरून त्याचं सांत्वन करीन. त्याचं करायला मात्र कोणीच येत नव्हतं. शेवटी शांतिदूताने त्याच माळा उचलल्या आणि त्याचेच शब्द त्याला ऐकवले, डोळे पुसतो, कान मोकळे करतो, घसा मोकळा करतो. आधी हे झालं, शांततेचं बोलणं नंतर.

आणि मग हाच माणूस टाडोडाहोसमोर बसून त्याच्या केसांतले साप विंचरून काढतो. ज्याच्यामुळे पोरी गेल्या त्याच्या डोक्यातून कंगवा फिरवायचा, विचार करा! आजी वेणी घालताना म्हणायची, गुंता टोकाकडून सोडवायचा गं, वरून ओढलं की तुटतात. तसंच काहीतरी त्याने केलं असणार, कारण तोवर सगळे वरूनच ओढत होते.

बरं, नुसतं विंचरून भागलं नाही, टाडोडाहोला पद पण द्यावं लागलं. पाचही जमाती एकत्र आल्या, त्यांच्या मिळून 50 सरदारांची सभा ठरली, त्यात सगळ्यात जास्त म्हणजे 14 जागा ओनोंडागांना, सभेचा अग्नी त्यांच्याच गावात, आणि तो सांभाळणारा टाडोडाहो. सरदार निवडायचे आणि नालायक निघाला तर काढायचे, हे कुळातल्या बायकांच्या हातात, ते एक बरं केलं. पाइनच्या झाडाखाली हत्यारं पुरली. 1722 च्या सुमारास टस्कारोरा ही सहावी जमात पण येऊन मिळाली. आजही ओनोंडागांच्या त्या मुख्य सरदाराला टाडोडाहोच म्हणतात.

हायावाथाच्या वाट्याला काय, तर त्याच्या नावाने ओळखला जाणारा मण्यांचा एक पट्टा, जांभळ्यावर पांढरे चार चौकोन आणि मधोमध झाड. चौकोन म्हणजे बाकीच्या चार जमाती, ते झाड म्हणजे ओनोंडागा. म्हणजे तिथेही मधली जागा टाडोडाहोसाहेबांनाच.