गाऊन अजून दोरीवर का?

समजा, एका नव्या लेखकाने दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथेत पाचव्या पानावर हा परिच्छेद आहे: "सुमन गॅलरीत येऊन उभी राहिली. तिला फार एकटं वाटत होतं. आईची सारखी आठवण येत होती. दोरीवरचा गाऊन तिने ओढून काढला. आईचा होता. घडी न घालताच तो तिने खांद्यावर टाकला आणि ती आत गेली."

संपादकाकडून प्रत परत येते तेव्हा दुसरं आणि तिसरं वाक्य खोडलेलं असतं. पूर्वी पेन्सिलीने, आता वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये. ही कात्री बहुतेकांना पटते. गाऊन आईचा आहे हे कळल्यावर एकटेपणा वेगळा सांगावा लागत नाही. पण समासात आणखी एक ओळ असते: "दुसऱ्या पानावर तेरावा होऊन आठवडा झालाय. गाऊन अजून दोरीवर का?"

नवखा लेखक इथे हमखास एक गोष्ट करतो. गाऊन दोरीवरून काढून कपाटात ठेवतो आणि दहा मिनिटांत कथा परत पाठवतो.

संपादकाने दिवसांचा हिशोब मागितलेलाच नसतो. त्याला विचारायचं असतं ते हे: गाऊन काढायला घरात कुणाचा हात धजावला नाही, की वडील तो दर दोन दिवसांनी पुन्हा धुऊन वाळत घालतात? पहिलं खरं असेल तर बाकीच्यांनी गॅलरीत जाणं टाळल्याच्या खुणा आधीच्या पानांत हव्यात. दुसरं असेल तर कथा सुमनची राहतच नाही, वडिलांची होते, आणि सुरुवातीची दोन-तीन पानं बहुधा जातात. हे काम दहा मिनिटांचं नाही. तीन आठवडे लागले तरी चालतं, फक्त "अमुक तारखेपर्यंत पाठवतो" असं त्याच दिवशी कळवावं.

मराठीत अशा समासातल्या प्रश्नांचा दबदबा निर्माण केला तो 'सत्यकथा' मासिकाने. १९८२ साली ते बंद पडेपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या त्याच्या संपादकांनी लेखकांना सविस्तर पत्रं लिहिली, कथा पुन्हा पुन्हा लिहवून घेतल्या. त्यातून एका विशिष्ट घाटाचीच कथा चांगली ठरू लागली, अशी तक्रारही झाली. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांतल्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेर छोटे अंक काढणाऱ्या, तरुणांनी 'सत्यकथे'ची जाहीर होळी केली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण आज संपादकाकडे पत्र लिहायला वेळ नसतो. दोन पानांच्या पत्राऐवजी व्हॉट्सॲपवर दोन ओळी येतात, "शेवट थोडा बघा" एवढंच. अशा वेळी फोन करून एकच प्रश्न विचारावा: "वाचताना नेमकं कुठल्या पानापासून खटकलं?" शेवट खटकतो तेव्हा दुखणं बऱ्याचदा मधे कुठेतरी असतं.

सगळ्याच खुणा मात्र कथेविषयी नसतात, आणि हे ओळखता आलं नाही की भलत्या ठिकाणी भांडण होतं. काही काटछाट निव्वळ जागेची असते. अंक सहसा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापला जातो. १६० पानं म्हणजे दहा फॉर्म, २०८ म्हणजे तेरा. ऐन वेळी एक जाहिरात वाढली तर चार पानांसाठी नवा फॉर्म कुणी घेत नाही, कुठल्या तरी कथेतून ओळी जातात. लेखक फोनवर सापडला नाही तर मांडणी करणारा सोयीची जागा बघतो, आणि त्याला सगळ्यात सोयीचा असतो शेवट. म्हणून कथा स्वीकारल्याचं कळलं की स्वतःच सांगून ठेवावं: गरज पडली तर तिसऱ्या पानावरचा एसटी स्टँडचा परिच्छेद काढा, साधारण दीडशे शब्द कमी होतील. असा लेखक संपादकाच्या लक्षात राहतो.

तिसरा प्रकार भाषेचा. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार 'केलं, म्हटलं' ही अनुस्वाराची रूपं पात्रांच्या तोंडी चालतात, निवेदनात 'केले, म्हटले' अपेक्षित असतं. काही अंक हे काटेकोरपणे पाळतात. कथा तृतीयपुरुषी असेल तर फारसं बिघडत नाही. पण गॅरेजमधला पोरगा 'मी' म्हणून गोष्ट सांगत असेल आणि मुद्रितशोधकाने सगळीकडे 'केले' करून टाकलं, तर तो पोरगा एकदम तलाठ्याचा पंचनामा वाचू लागतो. इथे अडून बसावं. बोलीचंही तेच. मात्र एकच म्हातारी एका पानावर 'न्हाई', दुसऱ्यावर 'नाय' आणि तिसऱ्यावर 'नाही' म्हणत असेल, तर शोधक ते सरळ करणारच, आणि दोष त्याचा नाही. पाठवण्याआधी बोलीतल्या वीस-पंचवीस शब्दांची यादी करून प्रत्येकाचं एकच रूप ठरवावं आणि ती यादी कथेसोबत जोडावी.

वेळापत्रकाचं थोडक्यात. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. कथा साधारण जून-जुलैपर्यंत हातात हवी असते, ऑगस्टमध्ये मांडणी आणि चित्रं सुरू होतात. गणपतीत पाठवलेली कथा उत्तम असली तरी बहुधा पुढच्या वर्षावर जाते. लांबी तीन ते चार हजार शब्द असली तर जागा मिळणं सोपं. सात हजारांच्या दीर्घकथेबद्दल आधी विचारावं. उत्तर नसेल तर दोन महिन्यांनी एक आठवण पुरे. तोवर तीच कथा दुसरीकडे देऊ नये. एकच कथा दोन दिवाळी अंकांत छापून आली तर दोन्ही संपादक ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. 'साभार परत' आली तर कारण विचारायच्या भानगडीत न पडता पुढच्या अंकाकडे पाठवावी.

मानधन किती आणि कधी, हे स्वीकृती कळल्यावर लगेच विचारावं, त्यात संकोच कसला? एखादा कागद सहीला आला तर तो वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत, आणि लेखी दिले पण मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. नुसती कथा छापायला दिल्याने पुढच्या संग्रहाचा हक्क जात नाही.

राहिलं प्रूफ. अंतिम मांडणीची पीडीएफ पाहायला मागावी, आणि ती मोबाइलवर वाचू नये, छापून घ्यावी. युनिकोडमधली कथा मांडणीसाठी जुन्या फॉन्टमध्ये बदलली जाते तेव्हा ठरावीक अक्षरं दगा देतात: 'ॲ', रफार, आणि सगळ्यात जास्त तो अर्धा 'ऱ'. कथेचं शीर्षक, चित्राखालची ओळ आणि ठळक चौकट आधी बघावी, कारण चौकटीसाठी उचललेलं वाक्य कधीकधी शेवटच्या पानावरचं असतं आणि कथा तिथेच फुटते. दुरुस्त्या कळवताना "काही चुका राहिल्यात" असं मोघम लिहून उपयोग नाही. पान ४७, दुसरा स्तंभ, वरून सहावी ओळ, 'आचार्याला'ऐवजी 'आचाऱ्याला', असं लिहावं. नाहीतर लग्नघरात जिलब्या तळणारा माणूस छापील अंकात गुरुकुल चालवू लागतो.