होकायंत्राविना दिशा: ऑक्टोबर ते एप्रिलची वही

ऑक्टोबरात ठरवलं की रात्री दिशा काढायची ती फक्त आकाश बघून. जागा एकच ठेवली, हिप्परग्याच्या तलावापलीकडचं मावसभावाचं शेत. सोलापूरचा उजेड दक्षिणेला दिसतो, पण तो इतका पसरट असतो की त्यावरून नेमकी दिशा निघत नाही. पद्धत साधी आहे. फोन घरात ठेवायचा. जी दिशा ठरेल तिच्या रेषेत दोन खुंट्या ठोकून सुतळी ताणायची आणि सकाळी होकायंत्र लावून किती अंश चुकलो ते वहीत लिहायचं. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक आहे, तो मी धरत नाही.

पहिल्याच रात्री ४५ अंशांनी चुकलो. ऑक्टोबरअखेर, रात्रीचे दहा. बांधावरून पाहिलं तर बाभळीच्या वर एक ठसठशीत तारा. उंचीही हवी तेवढीच. ध्रुव समजून खुंट्या ठोकल्या. तो निघाला ब्रह्महृदय. त्या दिवसांत त्या वेळेला तो आपल्याकडून ईशान्येला दिसतो आणि त्याची उंची जवळपास ध्रुवाइतकीच असते. ध्रुव सगळ्यात तेजस्वी असतो असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं होतं. खरं तर तो साधारण दुसऱ्या प्रतीचा तारा आहे. त्याच्याहून तेजस्वी तारे चाळीसहून जास्त आहेत.

त्या रात्री चूक कळली ती चहामुळे. थर्मासमधला चहा पिऊन अर्ध्या तासाने त्याच जागी बसून पाहिलं, तर ‘ध्रुव’ बाभळीच्या शेंड्यापासून तीन बोटं वर सरकला होता. तेव्हापासून माझा नियम झाला आहे: तारा एखाद्या फांदीच्या टोकाला लावून ठेवायचा आणि अर्धा तास थांबायचं. जागचा हलला नाही तरच ध्रुव.

ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. सोलापूरचा अक्षांश १७.७. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर ध्रुव. इतक्या खाली धूळ आणि धुरकं असतंच. शिवाय सप्तर्षी आपल्याकडे मावळतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री ते हाताशी नसतात. तेव्हा उपयोगाची शर्मिष्ठा, पाच ताऱ्यांची आकृती. ती ध्रुवाच्या वर असते तेव्हा इंग्रजी एमसारखी दिसते. एमचा मधला, खाली आलेला तारा घ्यायचा आणि तिथून तीन मुठी सरळ खाली उतरायचं. या रीतीने माझी चूक ४ ते ६ अंशांवर आली.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं ते मृगाबद्दल. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे आपल्याकडे उगवताना जवळजवळ उभ्या रेषेत वर येतात. त्यातला सगळ्यात आधी उगवणारा मिंटाका खगोलीय विषुववृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेला, अगदी लागून आहे. म्हणून तो जगात कुठूनही पूर्वेलाच उगवतो आणि पश्चिमेलाच मावळतो. हे पुस्तकांत असतंच. पण क्षितिजावर उगवताना तो कुणाला दिसतो? धुरक्यातून बाहेर येईपर्यंत तो चांगला दहा अंश वर आलेला असतो. लंडनला तोवर तो दक्षिणेकडे बारा-तेरा अंश सरकलेला असेल, कारण तिथे तारे तिरपे चढतात. सोलापुरात तो सरकतो फक्त तीन अंश! इथे तारे जवळपास सरळ उभे वर येतात. मार्गशीर्षात चार रात्री मी हे करून पाहिलं. चुका आल्या ३, २, ४ आणि ३ अंश, चारही दक्षिणेकडे. म्हणजे मिंटाका मूठभर वर असेल तर त्याच्या डावीकडे दीड बोट सरकून पूर्व धरायची. मला तरी आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात याहून भरवशाचं साधन सापडलेलं नाही.

चंद्राच्या रीती मी सोडल्या. कोरीची दोन टोकं जोडून ती रेघ क्षितिजापर्यंत न्यायची, तिथे दक्षिण, असं सांगतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात बीजेची कोर होडीसारखी आडवी पडलेली असते. ती रेघ डोळ्याने खाली नेणार कशी? पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री दक्षिणेला असतो, हेही थंड देशांपुरतं खरं. मार्गशीर्ष पौर्णिमेला साडेबाराला तो माझ्या डोक्यावर होता, आणि कललेला होता तो उत्तरेला.

फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊला अगस्त्य दक्षिणेला सर्वांत वर येतो, साधारण दोन मुठी. तेज इतकं की शहराच्या उजेडातूनही दिसतो. व्याध त्याच्या बरोबर माथ्यावर आला तेव्हा खुंट्या ठोकल्या, तर सुतळी ५ अंश पश्चिमेकडे गेली. कारण अगस्त्य व्याधाच्या वीसेक मिनिटं आधीच मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो. दोघे एका उभ्या रेषेत येईपर्यंत दोघेही दक्षिण सोडून पुढे गेलेले असतात.

एप्रिलमध्ये सप्तर्षी परतले, पण उन्हाळ्याच्या धुळीत ध्रुव दिसेना. मग गवंड्याचा ओळंबा मागून आणला. महिन्याच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास सप्तर्षीतले पुलह आणि क्रतु बरोबर एकाखाली एक येतात. हात लांब करून ओळंबा धरला आणि दोन्ही तारे दोरीमागे गेले, की ओळंब्याच्या टोकाखाली उत्तर. हात थरथरतो, म्हणून दोरी बाभळीच्या फांदीला बांधली आणि मी मागे-पुढे सरकत तारे दोरीमागे घेतले. चूक १ अंश. ध्रुव दिसलाच नव्हता.

मे महिन्यात त्रिशंकूची, म्हणजे दक्षिणेकडच्या क्रूसासारख्या तारकासमूहाची पाळी. मध्याला सव्वानऊच्या सुमारास तो उभा राहतो. त्याचा खालचा तारा जेमतेम मूठभर उंचीवर असतो, त्यामुळे हिप्परग्याहून तो शहराच्या उजेडात बुडेल. त्यासाठी विजापूर रस्त्याने भीमेच्या बाजूला जावं लागेल. त्या अंगाला रात्री बसण्याजोगं शेत माहीत असेल तर जरूर सांगा. ओळंबा आणि सुतळी मी घेऊन येतो.