चाफ्याची झोप

थंडी पडली की गच्चीवरच्या कुंडीतला चाफा पिवळा पडायला लागतो आणि दरवर्षी माझा जीव थोडा खालीवर होतोच. पहिल्या वर्षी तर वाटलं झाड गेलंच, म्हणून रोज पाणी घालत राहिले आणि त्यानेच एक फांदी बुडापासून मऊ पडून कुजली, अजून वाईट वाटतं. नंतर कळलं की ते झोपलेलं असतं. पान गळायच्या आधी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, पान तिथूनच सुटतं आणि झाड ती जागा बंद करून घेतं. म्हणून तर एरवी पान तोडलं की भळाभळा चीक येतो पण आपोआप गळलेल्या पानाच्या जागी नुसता कोरडा व्रण राहतो, बोट फिरवून बघा एकदा.

आता थंडीत माती सुकल्याशिवाय पाणी देत नाही.

आणि काल सकाळी शेंड्याला हात लावला तर टोक जरा फुगलेलं, त्यातून नखाएवढी, घडी घातलेली, चकचकीत हिरवी 2 पानं!! सगळ्या घराला वर बोलावून दाखवली. उद्यापासून थोडं थोडं पाणी सुरू, खत मात्र इतक्यात नाही, पानं नीट उघडू देत आधी.