सोन्याची जेजुरी आणि लाल आलेख

जेजुरीच्या फोटोंत भंडारा हमखास जळलेला, म्हणजे जादा उजेडानं तपशील गेलेला दिसतो. हवेत उधळलेल्या हळदीचा कण न् कण डोळ्यांना दिसत असतो आणि फोटोत उरतो तो सपाट पिवळा पट्टा. कपाळावरचा मळवट तर स्टिकर चिकटवल्यासारखा. खंडोबा आमचं कुलदैवत, त्यामुळे ही गोष्ट मला नुसती तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. माणूस मूठ भरून उधळतो त्या हळदीला पोत आहे. फोटोतही ती हळदच दिसली पाहिजे.

बरेच जण म्हणतात, ‘हिस्टोग्राम तर बरोबर होता.’ हिस्टोग्राम म्हणजे फोटोत कुठला उजेड किती हे दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख : डावीकडे काळं, उजवीकडे लख्ख. बरोबर असेलही. पण तो पांढरा आलेख म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिघांची गोळाबेरीज, आणि तीत हिरव्याचा वाटा निम्म्याहून जास्त. हळदीच्या रंगात लाल सगळ्यात जास्त, हिरवा त्याच्याखाली आणि निळा जेमतेम. म्हणजे लाल केव्हाच उजव्या भिंतीला, म्हणजे कमाल मर्यादेला टेकलेला असतो, तरी एकत्र आलेखात उजवीकडे मोकळी जागा दिसत राहते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. लाल अडकल्यावर एक्सपोजर (फोटोत घेतलेला उजेड) वाढत गेलं की मागून हिरवा वर येतो आणि केशरी झाक असलेली हळद लिंबासारखी पिवळी होते. भंडारा लिंबू रंगाचा दिसला की समजावं, लाल गेला.

म्हणून कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि त्यातला लाल बघा. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल ठेवून काढत असलात तरी हा आलेख कॅमेऱ्यानं आतल्या आत बनवलेल्या तयार फोटोचा, जेपेगचा असतो. त्यामुळे तयार फोटोतले रंग किती गडद ते ठरवणारं पिक्चर प्रोफाइल ‘व्हिव्हिड’ ठेवलं तर लाल आहे त्यापेक्षा आधीच भिंतीला लागलेला दिसतो. मी ‘न्यूट्रल’ ठेवतो. रंगांचा तोल ठरवणारा व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का. ऑटोवर ठेवला, की चौकट पिवळी भरल्याबरोबर कॅमेरा तो पिवळेपणा दोष समजून निळसर करायला बघतो. सोन्याच्या जेजुरीत पिवळा हा दोष नव्हे!

आता मीटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचं. समोर काय आहे हे मीटरला कळत नाही. जे काही असेल ते साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं करडं आहे असं धरून तो चालतो. गडावरच्या अंगणात त्याची फार ओढाताण होते. काळपट दगडाची दीपमाळ चौकटीत जास्त आली की तो उजेड वाढवतो आणि तिच्या पायथ्याशी उभ्या माणसाचा भंडारा जाळतो. पुढच्याच क्षणी भंडाऱ्यानं माखलेली गर्दी चौकटभर आली की उजेड कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. ऊन मात्र दोन्ही वेळी तेच! ऊन बदललं नाही तर एक्सपोजर का बदलावं?

म्हणून स्वच्छ दुपारी मी मॅन्युअलवर असतो, सगळे आकडे स्वतः ठरवतो. जुना नियम अजून चोख आहे : लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र एफ १६, आणि शटर (सेकंदाचा कितवा भाग) आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका. म्हणजे आयएसओ २०० ला १/२००. उडणारा भंडारा हवेत थांबवायचा तर शटर वेगवान हवा. तोच उजेड मोठ्या छिद्राला, एफ ८ आणि १/८०० ला मिळतो. तिथून मी शटर १/१२५० वर नेतो, म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एवढ्यानं बहुतेक वेळा लाल भिंतीपासून जरा अलीकडे राहतो. चेहरे थोडे काळसर येतात, ते रॉमधून वर काढता येतात. आयएसओ २०० ला एवढ्यानं काही बिघडत नाही. गेलेला लाल मात्र कुठलंही सॉफ्टवेअर खरा परत आणत नाही, अंदाजानं भरतं.

सूर्य भंडाऱ्याच्या मागे असला तर हिशेब वेगळा. हळदीचा ढग आतून पेटल्यासारखा उजळतो. तेव्हा मी आणखी एखादा स्टॉप खाली जातो आणि माणसं काळी पडली तरी चालवून घेतो. पायऱ्यांवरच्या कमानींखाली उलट : सावलीत तीनेक स्टॉप उजेड कमी, तिथे उन्हातलं सेटिंग घेऊन शिरलात तर फक्त अंधार मिळेल. कमान येण्याआधीच बोटानं चाक फिरवायची सवय लागते.

उजेड मुद्दाम पाडून नाट्यमय केलेले जेजुरीचे फोटो मला आवडत नाहीत. दुपारची जेजुरी लख्खच असते. सुरकुत्यांत बसलेला भंडारा, टोपीच्या घडीत साठलेला भंडारा, पापण्यांवरचा भंडारा हे सगळं दिसायला उजेड लागतो, फक्त लाल सांभाळून.

सोमवतीला पालखी कऱ्हा नदीवर उतरते तिथे अजून एक गोष्ट येते. पाण्यावर ऊन चमकतं आणि कॅमेऱ्यात जळलेल्या जागा दाखवणारा हायलाइटचा इशारा लुकलुकत राहतो. तो पाहून एक्सपोजर खाली आणू नका. पाण्यावरच्या चमकेत तपशील नसतोच, ती पांढरी गेली तर जाऊ द्या. ओल्या धोतरांवर मात्र लक्ष ठेवा. पांढऱ्याचे तिन्ही आलेख बरोबरीनं उजवीकडे सरकतात, त्यामुळे तिथे लालाइतकंच हिरव्याकडेही बघावं लागतं.