टेम्पल चर्च: जॉन स्टॅन्लीच्या मागावर

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून एका अरुंद बोळात शिरलं की वकिलांची वसाहत लागते. गांधीजी जिथून बॅरिस्टर झाले ते इनर टेम्पल इथलंच. इथलं गोल टेम्पल चर्च बाराव्या शतकातलं. बहुतेक लोक येतात ते फरशीवर आडवे पडलेले दगडी सरदार पाहायला. मी गेले होते जॉन स्टॅन्ली या अंध ऑर्गनवादक-संगीतकारासाठी.

स्टॅन्ली (१७१२–१७८६) दोन वर्षांचा असताना चिनी मातीचं भांडं हातात घेऊन संगमरवरी फरशीवर पडला आणि त्याची दृष्टी गेली. अकराव्या वर्षी एका चर्चमध्ये ऑर्गनवादक, सतराव्या वर्षी ऑक्सफर्डची संगीतातली पदवी, आणि १७३४ पासून हे चर्च. नवीन ओरॅटोरिओ (गायक-वादकांसाठीची मोठी, बहुधा धार्मिक रचना) असला की मेहुणी एकदा वाजवून दाखवायची, तेवढ्यावर त्याला तो पाठ! टोचून खुणा केलेल्या पत्त्यांनी गडी व्हिस्टही खेळायचा. प्रार्थना संपताना तो जे वाजवी ते ऐकायला शहरातले ऑर्गनवादक थांबून राहत, त्यांत कधी थोर संगीतकार हँडेलही असे, असं सांगतात.

त्या ऑर्गनची कथा तर स्टॅन्लीच्याही आधीची. १६८४ च्या सुमारास स्मिथ आणि हॅरिस या दोन कारागिरांनी याच चर्चमध्ये आपापला ऑर्गन उभारला आणि वकिलांत दोन तट पडले. भांडण काही वर्षं चाललं. (वकीलच ते!) शेवटी स्मिथ जिंकला. त्याच्या ऑर्गनच्या काही काळ्या पट्ट्या दुभंगलेल्या होत्या: डी शार्पला एक, ई फ्लॅटला वेगळी. हे दोन स्वर किंचित वेगळे, पण नेहमीच्या बारा पट्ट्यांत दोघांना मिळून एकच पट्टी असते. आपल्याकडे सांगलीच्या कृ. ब. देवलांच्या श्रुतिपेटीमागेही (सूक्ष्म श्रुती वाजवणाऱ्या हार्मोनियममागेही) बारा पट्ट्यांबद्दलची हीच तक्रार होती.

मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात इथला ऑर्गन जळाला. आजचा मूळचा स्कॉटलंडमधल्या एका लॉर्डच्या नाचघरातला!

तिथून चालत होबर्नच्या सेंट अँड्र्यू चर्चला गेले. चौदाव्या वर्षी स्टॅन्ली इथे लागला, आणि पुरलाही इथेच. तेही १९४१ मध्येच जळालं, नंतर पुन्हा बांधलं. आत थॉमस कोरमची समाधी आहे. त्याच्या अनाथालयाला हँडेलने ऑर्गन दिला होता, आणि हँडेलनंतर तिथला त्याचा 'मसाया' हा ओरॅटोरिओ पुढे स्टॅन्लीनेही चालवला.

स्टॅन्लीचं ऐकायचं तर ओपस ५ (त्याचा पाचवा रचनासंच) मधली आठवी व्हॉलंटरी, म्हणजे चर्चमध्ये वाजवायची ऑर्गनची रचना, आधी ऐका. ट्रम्पेटवाल्या रचना लग्नसमारंभांत वाजून वाजून गुळगुळीत झाल्यात. ही डी मायनरमधली मात्र अजून करकरीत आहे.